बुरुज, गोटे आणि एक सलाम

फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, इटलीच्या हद्दीला खेटून मांतों नावाचं गाव आहे. तिथला समुद्राकाठचा बुरुज १७ व्या शतकात मोनाकोच्या संस्थानिकाने बांधला. बांधला म्हणजे, दगड काही त्याने वाहिले नाहीत. नाव तेवढं त्याचं. हे तुम्हाआम्हाला नव्याने सांगायला नको.

पुढे बुरुज ओसाड पडला आणि १९५७ च्या सुमारास ज्याँ कॉक्तोच्या मनात भरला. कवी, चित्रकार, सिनेमावाला. जिथंतिथं हात घातलेला गडी. स्वतःच्या चित्रांचं म्युझियम इथंच करायचं त्याने ठरवलं. किनाऱ्यावरच्या गोट्यांची नक्षी योजली. १९६३ ला तो गेला, १९६६ ला म्युझियम उघडलं. मांतोंचे कोळी आणि त्यांच्या पोरी, अशी प्रेमात पडलेली जोडपी त्याने काढलीयत. झकास काढलीयत, उगाच खोटं कशाला बोला! संस्थानिकाच्या बुरुजात कोळ्याची पोरगी टेचात येऊन बसली, याचा आपल्याला आनंदच आहे.

पण दोस्तहो, मे १९४२ चं काय करायचं? पॅरिस नाझींच्या टाचेखाली. हिटलरचा लाडका शिल्पकार आर्नो ब्रेकर, त्याचं तिथं थाटात प्रदर्शन भरलं. आणि ह्या कॉक्तोने पेपरात लेख लिहून ब्रेकरला जाहीर सलाम ठोकला. दोनच महिन्यांनी, जुलैत, फ्रेंच पोलिसांनी त्याच पॅरिसातून १३ हजारांवर ज्यू पोराबाळांसकट उचलले.

बरं, कॉक्तो काय सत्तेचा जावई नव्हता. पुरुषावर प्रेम करणारा माणूस. नाझींचे फ्रेंच चमचे पेपरांतून त्याच्यावर थुंकतच होते. त्याचा जुना दोस्त कवी माक्स जाकोब, जन्माने ज्यू. १९४४ मध्ये त्याला धरलं तेव्हा सुटकेसाठी ह्याच कॉक्तोने अर्ज लिहिला. जाकोब ५ मार्चला द्राँसीच्या छावणीत मेला.

सलाम शिल्पाला होता, हिटलरला नव्हे, असं सांगणारे शहाणे भेटतील. मग शिल्प काय हवेत उभं होतं? ती पिळदार, 'शुद्ध' शरीरं कुणाला अशुद्ध ठरवत होती? कॉक्तो स्वतः त्या अशुद्धांतलाच. लाथ खाणाऱ्यालाच बुटाची कारागिरी दिसावी, हे आम्हाला जास्त झोंबतं.

म्युझियम फोडा असं आम्ही म्हणत नाही. कोळ्यांची जोडपी राहू द्या. पण त्यांच्या शेजारी तो १९४२ चा लेख टांगा, एक ओळ न गाळता. जाकोबसाठीचा अर्जही टांगा. जागा नाही म्हणू नका.