शिधापत्रिकेवरील नावे मोजा



नऊ माणसांच्या घरात महिन्याचा किराणा कसा भागतो, हे वरूड तालुक्यात कोणास सांगावयास नको. संत्र्याचा तोडा चालू असतो तोवर रोजी मिळते आणि दुकानदाराची उधारी फिटते. तोडा संपला की वहीत पुन्हा आपले नाव चढते. रोकड नसल्यामुळे डाळ आणि तेल थोडेथोडे आणावे लागते, आणि थोडे घेणाऱ्यास तोच जिन्नस महाग पडतो. बाजारभाव आपल्या हाती नाही. परंतु या खर्चातील एक भाग कायद्याने आपल्या हाती दिला आहे. त्याचा हिशेब आपण करीत नाही, हे माझे दुःख आहे.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. मात्र 'माणशी' याचा अर्थ घरात जेवणारे माणूस असा नव्हे. शिधापत्रिकेवर नोंदलेले माणूस असा आहे. घरात माणसे नऊ आणि पत्रिकेवर नावे सहा असतील, तर ४५ किलोऐवजी ३० किलोच मिळणार. सून आली, नातवंडे झाली, पण नावे चढली नाहीत. महिन्याला १५ किलो, वर्षाला १८० किलो धान्य असे हातचे जाते. किलोला ३० रुपये धरले, तरी ५,४०० रुपये झाले. एवढ्या पैशांत कित्येक महिन्यांचे तेल आले असते.

नाव चढविण्यास गेल्यावर 'इष्टांक पूर्ण झाला' असे उत्तर मिळते. हा इष्टांक २०११ च्या जनगणनेवरून ठरलेला आहे. त्यापुढील जनगणना २०२१ मध्ये व्हावयाची होती. ती झाली नाही. मुले मात्र जनगणनेची वाट पाहून जन्मास येत नाहीत. सरकारने मोजणी लांबविली, म्हणून लेकराने उपाशी राहावे काय?

दुसरा अन्याय याहून विचित्र आहे. अंत्योदय पत्रिकेवर कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळते, माणसे कितीही असोत. दोन माणसांच्या घरी ते माणशी साडेसतरा किलो होते. नऊ माणसांच्या घरी माणशी चार किलोही होत नाही. म्हणजे सात माणसांहून मोठे जे घर सर्वांत गरीब ठरले, त्यास प्राधान्य कुटुंबाहून कमी मिळते! अंत्योदय घरास ३५ किलो अथवा माणशी ५ किलो, यांपैकी जे अधिक असेल ते मिळावे, अशी कायद्यात दुरुस्ती झाली पाहिजे. ही मागणी आपणच केली पाहिजे; पोटभर जेवणारा ती करणार नाही.

तोपर्यंत आपल्या हातचे काम करा. आज रात्री पत्रिका काढून नावे मोजा. बाळाचा जन्मदाखला आणि सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी केल्याचा दाखला जोडून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या व पोच घ्या. तोंडी नकारावर घरी परतू नका. नकार लेखी मागा. कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यावर कलम १६ खाली राज्य अन्न आयोग आहे. कंट्रोलच्या दुकानात अंगठा दिल्यावर पावती घ्या आणि माप तिच्याशी ताडून पाहा. कलम १३ प्रमाणे घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही पत्रिकेची कुटुंबप्रमुख आहे. म्हणून माय-आजींनो, हा अर्ज तुमच्याच सहीने अथवा अंगठ्याने जाऊ द्या.

कंट्रोलचे धान्य म्हणजे कोणाचा उपकार नव्हे. उपकार मागताना मान खाली जाते. हक्क मागताना ती खाली घालण्याचे कारण नाही.