कोयत्याला रजा नसते

परवा शनिवारी मित्राच्या गाडीतून पुण्याहून सोलापूरला येत होतो. टेंभुर्णीच्या पुढे नेहमीप्रमाणे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. मित्र वैतागलेलाच होता. त्याच्या टीममधली एकजण सहा महिन्यांच्या मॅटर्निटी लीव्हवर गेलीय आणि तिचं काम याच्या डोक्यावर आलंय. म्हणाला, "बायकांना कायद्याने फार लाडावून ठेवलंय राव!"

शेजारच्याच फडात बायका डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होत्या. त्यातली एक पोटुशी असावी, निदान दिसत तरी होती तशी. मी म्हटलं, तिला विचार बरं, किती लाडावलंय ते.

तर मुद्दा असा. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातली रजा 2017 मध्ये 12 वरून 26 आठवडे झाली. नोव्हेंबर 2025 पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, पण आकडे तेच आहेत. अट काय? आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम. शिवाय बाळंतपण जवळ आलं आणि बाईने मागणी केली, तर तिला जड किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही. गरोदरपणामुळे आजारी पडली तर आणखी एक महिना पगारी रजा.

आता उसाचा हंगाम चार-पाच महिने चालतो. म्हणजे 80 दिवस सहज भरतात. मजुरी टनावर मिळते म्हणावं, तर तीन महिन्यांची सरासरी काढायची सोय कायद्यातच आहे. मग घोडं कुठे अडतं?

अडतं ते मालक कोण, या प्रश्नावर. इथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल घ्यायची मुकादमाकडून, तीही बहुधा नवऱ्याने. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन नोंदवलं जातं, गाडी कोणाची तेही नोंदवलं जातं. ऊस तोडणाऱ्या बाईचं नाव? कुठेच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबलमध्ये कॉलमच नाही, मग क्वेरी काय रिटर्न करणार? शून्य!

आणि एक दिवस फडावर गेली नाही तर 'खाडा'. म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. तो उचलीत चढतो आणि पुढच्या हंगामापर्यंत मानगुटीवर बसतो. आपल्याला पगारी रजा आणि तिला दंडाची रजा. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीने सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. गरज नसताना ऑपरेशनं करणारे डॉक्टर यात दोषी आहेतच. पण खाडा नको म्हणून शरीराचा अवयव काढून टाकावासा वाटणं, याला काय म्हणायचं?

कारखानदार म्हणतात, "ते आमचे कामगार नाहीत." बरं! मग तोडणीचा दर ठरवायला कामगार संघटनांसमोर साखर संघ कशाला बसतो? जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के दरवाढ कोणी मान्य केली? दर ठरवताना तुमचे, बाळंतपणाच्या वेळी मुकादमाचे, असं कसं चालेल?

1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाईच्या श्रमातून ज्याला नफा मिळतो त्याने तिच्या विश्रांतीचा थोडा तरी भार उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 मध्ये कायदा झाला. फडावर तो अजून पोचायचाय.

माझं म्हणणं सोपं आहे. प्रत्येक बाईची वेगळी नोंद करा, तिची मजुरी तिच्या खात्यावर टाका, गरोदर बाईचा खाडा बंद करा आणि रजेचे पैसे कारखान्याकडून घ्या. ऊस किलोपर्यंत मोजता येतो, तर माणसं मोजता येणार नाहीत?

मित्र पुढे सोलापूरपर्यंत फारसा बोलला नाही. असो. सोमवारी ऑफिसात कोणी 'लाडावलंय' म्हणालं, तर त्याला निदान हे सांगा. आणि हो, चहात साखर आपणही घालतोच.