मासा आजारी नव्हता, उपाशी होता

"फुलपाखरू मासा नाजूकच हो. टिकला तर नशीब!" दुकानदारांचं हे ठरलेलं वाक्य. माझा यावर विश्वास नाही... आता नाही.

दोन वर्षांपूर्वी मी ते मुकाट्याने ऐकून घेतलं आणि अंगावर बाणाच्या टोकासारख्या रेघा असलेला एक देखणा मासा घरी आणला. पाण्याचा खारटपणा बरोबर, तापमान २६ अंश, अमोनिया शून्य. तरी अठराव्या दिवशी गेला. त्याने एकदाही घास घेतला नव्हता आणि मी औषधं घालत बसलो होतो!

नंतर वाचलं आणि लाज वाटली. या कुळात सुमारे १३० जाती. त्यातली ही शेव्हरॉन जवळजवळ फक्त जिवंत प्रवाळ खाते. आपल्याकडे प्रवाळाला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. म्हणजे मासा विकायचा, पण त्याचं अन्न मात्र कायद्याने आणता येत नाही. याला छंद म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, सगळेच तसे नसतात. कबूल. ऑरिगासारखी जात कोळंबीचे बारीक तुकडे खायला शिकते. म्हणूनच सांगतो, पैसे देण्याआधी म्हणा, "माझ्यासमोर खाऊ घाला." नाही खाल्लं तर रिकाम्या हाताने परत या. खाल्लं तर आणा, महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, दिवसातून तीनचारदा थोडं थोडं द्या.

वर्गात एखादं पोर मलूल दिसलं की मी आधी विचारायचो, "जेवलास का रे?" माशाला तेवढंही विचारू नये?