गळक्या भिंतीचा हिशेब

वडवणीला समुद्र नाही, पण समुद्रातल्या भिंतीचा हिशेब मागण्याचा अधिकार इथल्या कापूसवाल्यालाही आहे. १९२०च्या दशकात सरकारने मुंबईच्या बॅकबेत समुद्र हटवून जमीन काढायला घेतली. अशा विकासकामांसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर बसवला. म्हणजे पैसा कोणाच्या घामाचा, हे सांगायला नको!

अशा भिंतीला लाटा थोपवाव्या लागतात आणि आतला भरावही धरावा लागतो. म्हणून मोठ्या दगडांमागे बारीक दगडांचे थर घालतात. पाणी निथळावे, माती जाऊ नये. बॅकबेत नेमके उलटे झाले. उपसून टाकलेला गाळ भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात गेला. वकील के. एफ. नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला, तर हार्वे या अभियंत्याने त्यांच्यावरच बदनामीचा खटला भरला. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले.

प्रश्न विचारणाऱ्यालाच आरोपी करण्याची चाल जुनीच आहे. आज मात्र २००५चा माहिती अधिकार कायदा आपल्या हाती आहे. त्याखाली कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याची भिंत असो की आमच्या पाझर तलावाचा बांध, हा हक्क सारखाच आहे. तो कागदावर का ठेवायचा? आमचे सांगणे एवढेच : काम चालू असतानाच अर्ज करा. बांध फुटल्यावर हाती फक्त पंचनामा येतो.