निकालात आजी-आजोबांसाठी दोन ओळी तरी लिहा

आधीच सांगतो, निकाल वडिलांच्या बाजूने लागला याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेली. बाळ दीड वर्षाचं होतं. जावयाची फिरतीची नोकरी, म्हणून नातू अक्का आणि दाजींकडेच राहिला. रात्रीचे ताप, बालवाडीतलं रडणं, शाळेचा पहिला दिवस, सगळं या दोघांनीच निभावलं. पुढे जावयाने दुसरं लग्न केलं आणि मुलगा मागितला. अक्का नाही म्हणाली. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं. दोन वर्षं तारखा पडल्या आणि शेवटी ताबा वडिलांना मिळाला. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, मारझोड नाही. कायद्याने तो नैसर्गिक पालक आहे. मान्य.

पण त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात काय झालं? एक दप्तर, कपड्यांच्या दोन पिशव्या आणि सात वर्षांचं पोरगं. ते आजीला म्हणत होतं, "तू पण चल ना." अर्ध्या तासात सगळं उरकलं. आणि भेटीचं काय? तर ते "उभय पक्षांनी सामंजस्याने ठरवावे". अहो, सामंजस्य असतं तर दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या का? आज सात महिने झाले. अक्काने नातवाचा आवाज फक्त दोनदा ऐकलाय, तोही फोनवर.

आता कायदा बघा. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आणि 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींचा पाया एकच, मुलाचं कल्याण. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालय त्याची इच्छा विचारात घेऊ शकतं, असंही 1890 च्या कायद्यात लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये नील रतन कुंडू प्रकरणात नातवाचा ताबा आईच्या आई-वडिलांना दिला. बापावर पत्नीच्या मृत्यूसंबंधी गंभीर आरोप होते आणि मुलाला त्याच्याकडे जायचं नव्हतं. 2022 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात कोविडने आई-बाप गमावलेला मुलगा होता. उच्च न्यायालयाने नोकरी करणाऱ्या मावशीला ताबा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो वडिलांच्या आई-वडिलांना दिला आणि सांगितलं की उत्पन्न, वय किंवा मोठं कुटुंब एवढाच निकष असू शकत नाही. उलट 2019 च्या तेजस्विनी गौड प्रकरणात, आई वारल्यावर मावशीकडे वाढणाऱ्या मुलीचा ताबा वडिलांना मिळाला.

म्हणजे निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतात, लागायलाच हवेत. प्रत्येक घर वेगळं असतं. माझा प्रश्न इतकाच की जो हरला त्याचं आणि मुलाचं नातं त्याच दिवशी संपतं का?

विधी आयोगाने 2015 मध्ये 257 वा अहवाल दिला. त्यातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आजी-आजोबांसोबतच्या वेळेचाही विचार आहे. अजून त्याचा कायदा झालेला नाही. आपल्याकडे आजीवर कविता होतात, रील होतात, पण निकालपत्रात आजीसाठी एक ओळ निघत नाही.

आता दुसरी बाजू, कारण कॉमेंटमध्ये ती येणारच. सगळे आजी-आजोबा देवमाणसं नसतात. कितीतरी ठिकाणी सुनेला पोर मिळू नये म्हणून आजीलाच पुढे केलं जातं. "तुझी आई तुला टाकून गेली" हे लेकराच्या कानात कोण भरतं? आपणच. असल्या म्हाताऱ्यांना न्यायालयाने जरूर खडसवावं. अक्कालाही मी सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी बापाला दर रविवारी घरी येऊ दे. तिने ऐकलं नाही. त्या हट्टाची किंमत आज ती मोजतेय. पण पोरगं का मोजतंय? त्याने कोणता दावा लावला होता?

म्हणून तीन साध्या गोष्टी मागतो. एक, मूल काही वर्षं ज्यांच्याकडे वाढलं, त्यांच्याकडून ते नेताना टप्पे ठरवा. आधी दिवसभर, मग एक रात्र, मग कायमचं. दोन, भेटीचा वार, वेळ आणि फोनचा दिवस आदेशातच लिहा. "सामंजस्य" हा शब्द तिथे नको. तीन, ताबा दिल्यावर सहा महिन्यांनी समुपदेशकाने एकदा मुलाशी बोलावं. मूल शाळेत जातंय का, झोपतंय का, एवढं तरी विचारावं. समुपदेशक कौटुंबिक न्यायालयात असतातच, त्यासाठी नवीन खातं काढायला नको.

ताबा हा शब्दच मला खटकतो. तो प्लॉटचा घेतात, गाळ्याचा घेतात. प्लॉट रात्री उठून आजी कुठे आहे म्हणून विचारत नाही.

अक्काने त्याचा शाळेचा डबा अजून घासून फळीवर ठेवलाय. जावईबापू, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेल हे मला माहीत आहे. कोर्टाने लिहिलं नाही, तुम्ही तरी लिहा. महिन्यातला एक रविवार. मुलाला घेऊन तुम्हीही या, जेवायलाच या. भांडण मी होऊ देणार नाही, माझा शब्द.