एका शब्दाने विचारले असते तर!

गेल्या श्रावणात माझ्या वडिलांची ३१ पत्रे नाहीशी झाली. वाळवीने खाल्ली नाहीत, की रद्दीवाल्याने नेली नाहीत. माझ्याच हाताने पुसली गेली, आणि तीही एक मोकळी जागा जास्त पडल्यामुळे.

चिरंजीवांनी संगणकावर लिनक्स बसवून दिले होते. ‘बाबा, काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, की काम झाले!’ ‘कच्चे’ने सुरू होणाऱ्या फायली मला काढायच्या होत्या. त्यासाठी ‘आरएम’, मग ‘कच्चे’ आणि त्याला चिकटून तारका. माझी तारका सुटी पडली. आणि सुट्या तारकेचा अर्थ ‘इथले झाडून सारे’! यंत्र काय म्हणाले असेल? ‘कच्चे’ नावाची फाइल सापडत नाही. जी नव्हतीच तिच्याबद्दल तक्रार, आणि ज्या गेल्या त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही!

जाणकार म्हणतात, चूक तुमची. कबूल. पण ही घुमी वृत्ती आली कुठून? अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला घेतले, तेव्हा त्यांच्यापुढे टेलिटाइप होता. सेकंदाला दहा अक्षरे कागदावर खडखडत उमटायची. अशा यंत्राशी कोणीही तारेच्या भाषेतच बोलेल. टॉम्प्सनचा ‘एड’ हा संपादक तर चूक झाली की नुसते प्रश्नचिन्ह छापी. तेव्हा ते शहाणपण होते. आज ते निव्वळ सोवळे आहे. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८१ सालीच ‘डेटामेशन’ मासिकात या मौनावर कोरडे ओढले होते.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. एका हुकमाचे उत्तर नळीतून दुसऱ्या हुकमाकडे जाते, मध्येच बडबड झाली तर घोटाळा होईल. खरे आहे. पण समोर माणूस आहे की नळी, हे या हुकमांना कळते! ‘एलएस’ माणसाला नावे रकान्यांत मांडून दाखवतो, नळीत मात्र ओळीला एक सोडतो. खुद्द ‘आरएम’देखील, फाइलीत लिहायला मनाई असली आणि समोर माणूस बसला असला, तर ‘पुसू का?’ म्हणतो. लिनक्समधला ‘आरएम’ तर सगळ्या यंत्राचे मूळच उपटायला सांगितले तर चक्क नकार देतो. म्हणजे जीभ आहे. ती माझ्यासाठी हलत नाही, एवढेच.

‘अहो, हुकमाला आय जोडा, मग एकेक विचारील!’ असेही एकाने सुनावले. आय जोडायचा हे ज्याला ठाऊक, त्याला विचारण्याची गरज थोडीच असते? आल्यागेल्याला पाणी विचारावे तसे हे आपणहून विचारायला हवे. ज्या तज्ज्ञांना घाई आहे, त्यांनी गप्प राहण्याचे अक्षर जोडावे.

सौभाग्यवतींनी माळ्यावरची ट्रंक उपसली. मूळ पत्रांपैकी नऊ निघाली, दोनांची शाई उडालेली. सध्या ती पुन्हा उतरवून घेतो आहे.