गॉथम वसवणाऱ्याचं नाव

१९३९ साली चित्रकार बॉब केनने कागदावर उतरवलेला बॅटमॅन लाल कपड्यांतला होता. डोळ्यांपुरता मुखवटा आणि पाठीला ताठ पंख. लेखक बिल फिंगरने त्याला टोकदार कानांचा मुखवटा, झुलता झगा आणि करडा-काळा रंग सुचवला. बॅटमॅनचं ब्रूस वेन हे खरं नाव आणि गॉथम हे शहर फिंगरचंच. रॉबिन आणि जोकर यांच्या पहिल्या कथाही त्यानेच लिहिल्या. तरीही निर्माता म्हणून कित्येक दशकं एकट्या केनचंच नाव छापलं गेलं.

यावर कुणी म्हणेल, मूळ कल्पना केनची, प्रकाशकाशी करारही त्याचाच. फिंगर तर मोबदला घेऊन लिहिणारा. पण करार हक्क ठरवतो, कर्तृत्व नाही. फिंगरचा वाटा वजा केला, तर उरतो तो बॅटमॅन वाचकाला ओळखूही येणार नाही. खुद्द केननेही १९८९च्या आत्मचरित्रात फिंगरला श्रेय द्यायला हवं होतं, अशी कबुली दिली. फिंगर १९७४ सालीच गेला होता. अधिकृत श्रेय आलं २०१५मध्ये. लेखकाचं नाव पहिल्या अंकापासूनच छापलं पाहिजे. मरणोत्तर न्यायाने त्याची चूल पेटत नाही.